शिवणवर्गाचं हळदीकुंकू

"हळदीकुंकू तुमचं, चहाचं आधण मात्र माज्या गळ्यात," चुलीपुढं बसलेली विधवा नणंद पुटपुटली. बयाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आंबीच्या महिला मंडळानं विधवांच्या शिवणवर्गाला मशीन मिळावं म्हणून मुंबईच्या धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज केला होता, आणि तो पारखायला ट्रस्टच्या बाई आज तळेगाव स्टेशनावरून टांग्यानं आल्या होत्या. पाहुणीचा मान राखायला मंडळानं थाटात हळदीकुंकू मांडलं. दुसरी रीत कुणाला ठाऊक होती? बयाबाई करंडा घेऊन पुढं झाल्या, तेव्हा ओसरीवरच्या हिरव्या चुड्यांवर नजर फिरवत बाईंनी विचारलं, "शिवण शिकणार त्या विधवा कुठे आहेत?" कुणी पदर सारखा केला, कुणी ओटीच्या खणाची घडी मोडून पुन्हा घातली. आत कपबशी वाजली. बयाबाईंनी करंड्याचं झाकण लावलं. "त्यांना आमी बोलावलंच न्हाई, बाई. माज्या नणंदेला मीच चुलीपाशी बसवलंय."