तिसरं सील

जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सचं सील मी तिसऱ्यांदा बदललं, तरी सकाळी गाडीखाली ऑइलचं तळं!

"दादा, वय झालं तुझं. गॅरेज मी सांभाळतो, तू घरी निवांत बस," धाकटा भाऊ मायेने म्हणाला.

मीही हात टेकले. गॅरेजची किल्ली त्याच्या हातात दिली. तरी मला राहवेना, म्हणून पुन्हा गाडीखाली शिरलो आणि गिअरबॉक्स चाचपला. हवा सुटायची नळी कशाने तरी गच्च बुजली होती. हवा कोंडली की नवंकोरं सीलही ऑइल ओकतं, हे धाकट्याला मीच शिकवलं होतं.

"अरे, नळीत काहीतरी अडकलंय!" मी खालून ओरडलो.

"तिथे कापड कोण कशाला कोंबेल, दादा?" तो न वाकताच म्हणाला.

मी ते ओढून बाहेर काढलं. कापडच होतं.