उतारावरचा जावई

मार्नी बोटी पाण्यात सोडायच्या उताराच्या कडेला उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती. तिचा होणारा नवरा ट्रेंट मोठ्यानं गाणी लावून ट्रक मागे घेत होता, आणि ट्रकमागच्या ट्रेलरवरची त्याची कोरी बोट पाण्याकडे निघाली होती. मार्नीचा बाप वर्लन घडीच्या खुर्चीत पुढे सरकून बसला. हे लग्न होणार की नाही, ते आता कळणार होतं.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या या सरोवराकाठी लोक निसर्गाचा आनंद लुटायला येतात, असं पार्कच्या फाटकावर लिहिलंय. लिहिणारा बहुधा आत आलेला नसावा. औषधालाही झाड नसलेल्या काठावर, कवटी तापवणाऱ्या उन्हात, बर्फाच्या पेटीत बिअर घालून माणसं सकाळपासून उताराकडे तोंड करून बसतात. कुणाची बोट तिरकी जाते, कुणाचा ट्रकच पाण्यात जातो, आणि मागून हातवारे करणाऱ्या बायकांची नवऱ्यांशी जी जुंपते, ती ऐकायला तर लोक गाणी बंद करतात. सरोवर दरवर्षी मागे सरकतं, सरकार दरवर्षी सिमेंटचा उतार पुढे वाढवतं. फजितीला जागा कमी पडू दिलेली नाही.

वर्लनची बोट मात्र नेहमी एका दमात पाण्यात जायची. त्यानं जाहीरच करून टाकलं होतं, "ज्याला ट्रेलर सरळ मागे घेता येत नाही, त्याला माझी मुलगी मिळणार नाही."

ट्रेंटचा ट्रेलर रेघ ओढल्यासारखा आला.

"बघ, बघ पोराला!" वर्लननं बायकोला, ओडेसाला, कोपरानं ढोसलं. "नजर फक्त ट्रेलरच्या चाकावर. इकडेतिकडे लक्षच नाही!"

"पण मार्नी एवढी का ओरडतेय?"

"बायका ओरडतातच गं. त्याशिवाय बोट उतरत नाही."

बोट अलगद पाण्यात उतरली. टाळ्या पडल्या. ट्रेंट प्रत्येक खुर्चीपाशी थांबून शाबासकी आणि बिअर घेत सुटला. मार्नीचं ओरडणं थांबलं होतं. ट्रेंटच्या पाठीमागे बोटीचा मागचा भाग सावकाश खाली बसला. मग इंजिन गेलं, मग सीटा.

मार्नी बापासमोर येऊन उभी राहिली. तिनं मूठ उघडली. आत बोटीच्या बुडाला असलेल्या भोकाचं बूच होतं.

"हे लावायचं राहिलंय, एवढंच सांगत होते," ती म्हणाली, आणि अंगठी काढून बुचाशेजारी ठेवली. "त्यानं एकदाही बघितलं नाही, बाबा."

"अगं, पण सरळ किती आणली!" वर्लन गडबडला. "एवढ्याशावरून लग्न मोडतात का? ओडेसा, तू तरी सांग हिला!"

ओडेसानं बिअरचा शेवटचा घोट घेतला.

"मी काय सांगू? लग्न झाल्यापासून मी याच उतारावर हात हलवून तुला दिशा दाखवतेय, वर्लन. तू मला टाटा करतोस."