काकांचा इंग्रजी शब्द

"वहिनी, 'गिफ्ट डीड' म्हणजे घराला तुमचं नाव लावायचा कागद. डोळे झाकून सही करा," असं सांगून काकांनी विधवा भावजयीचं घर गिळलं, तेव्हा पुतणी दहावीत होती.

आता ती इंग्रजीच्या शिकवण्या घेते. परदेशातल्या मुलाकडे जायला काकांना व्हिसा हवा होता, म्हणून मुलाखतीची तयारी करायला ते निर्लज्जासारखे तिच्याकडेच आले. तेही फुकटात.

"धंदा विचारला तर छाती फुगवून सांगायचं, 'आय ॲम अ स्विंडलर!'" तिनं वीस वेळा घोकून घेतलं.

"म्हणजे काय गं?"

"प्रतिष्ठित व्यापारी. डोळे झाकून सांगा, काका."

व्हिसा कचेरीत खिडकीमागच्या साहेबानं चमकून पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा ठणकावून सांगितलं. साहेबानं पासपोर्ट परत सरकवला.

"भवाने, त्या शब्दाचा खरा अर्थ काय?" काका फोनवर किंचाळले.

तिनं शांतपणे शाळेतली जुनी डिक्शनरी उघडली. "वाचते हं, काका. 'स्विंडलर : गोड बोलून लुबाडणारा, ठग.'"

त्याखाली पेन्सिलीनं, दहावीतल्या अक्षरात लिहिलेलं होतं. तेही तिनं वाचलं.



"उदाहरणार्थ, आमचे काका."