इटलीच्या व्हिसाची तालीम

"इटलीला कशासाठी जायचंय, बाई?"

"रेशीमकिड्यांवर परिषद आहे. तीन दिवसांची. मला तिथे माझा निबंध वाचायचाय."

"किड्यांसाठी इटली! समरकंदचे किडे संपले वाटतं?" तंदुरापाशी बसलेली सासू, ओयीजान, कुणी न विचारताच बोलली.

"साओदत, तू वकिलातीत नाहीयेस," सासरे गुरगुरले. "तू आपले नान भाज."

मुहय्योला हसू आलं, पण तिने ते गिळलं. उद्या सकाळी ताश्कंदला व्हिसाची मुलाखत, आणि तालीम घेताहेत कोण, तर खुद्द सासरे तुराब-ओता. उभा जन्म पोलिसात तपासनीस म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी बाजारात काकडीवाल्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय काकडी उचलत नसत. अंगणातल्या लाकडी चौकीवर ते लोड बाजूला सारून ताठ बसले होते. चहा कधीचा गार झाला होता.

"परत याल कशावरून?"

हाच तो प्रश्न. तिच्या संस्थेतले दोघे याच प्रश्नावर आपटले होते. मुहय्योने उत्तर घोटून ठेवलं होतं. "इथे माझं घर आहे, नोकरी आहे, संसार आहे."

"घर कुणाच्या नावावर?"

"तुमच्या."

"म्हणजे तुमचं नाही. नोकरी? त्याच कामाला तिकडे कितीतरी पट देतात. पुढे बोला."

"मुलगी आहे, मुनिसा. ती इथेच राहणार आहे."

"आज राहील. उद्या आई बोलावून घेईल. पुष्कळ पाहिलेत असे."

"मी नाही तशी!"

"तशी नाही, असं सगळेच म्हणतात."

ओता डोळे बारीक करून बघत होते. हे वकिलातीतले साहेब बोलताहेत की सासरे, मुहय्योला कळेना.

"आणि तो लोकरी कोट?" ओयीजानला राहवलं नाही. "तीन दिवसांसाठी, भर उन्हाळ्यात कोट कुणी घेतं का गं?"

"स्वस्तात मिळाला, ओयीजान."

"स्वस्तात मिळाला म्हणे!"

या वेळी ओतांनी बायकोला गप्प केलं नाही. मुहय्योच्या ते लगेच लक्षात आलं.

"पती कुठे असतात?"

मुहय्योची नजर भिंतीकडे गेली. तिथे फडक्यात गुंडाळून एक नान टांगलेला होता. रशियात कझानला निघताना तिच्या नवऱ्याने, इल्होमने, त्याचा एक घास घेतला होता. उरलेला परत येऊन संपवायचा, अशी रीत. त्या नानाचा आता पार दगड झाला होता. इल्होमचे फोन येणंही कधीच बंद झालं होतं. तिकडे त्याने दुसरा संसार थाटलाय, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. घरात मात्र त्याचं नाव कुणी काढत नसे.

"कझानला. कामाला," ती म्हणाली.

"शेवटचे कधी आले होते?"

"ओताजान, हे काही ते विचारणार नाहीत."

"हेच विचारतील! मी असतो तर हेच विचारलं असतं. नवरा देश सोडून बसलाय, घर दुसऱ्याचं, पगार तुटपुंजा. मग ही बाई परत कशाला येईल? सांगा ना, कशाला?"

त्यांचा आवाज चढला तसा मुहय्योचाही चढला. "तुम्हीच सांगा ना, कशाला येऊ? पाठ केलेलं सोडलं तर माझ्यापाशी उत्तर नाही, ओताजान. खरंच नाही!"

ती बोलून गेली. संपलं सगळं. आता हे पासपोर्ट मागतील, कपाटात ठेवतील आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकतील.

"ऐकलंत?" ओयीजान नवऱ्याला म्हणाली. "मी काय म्हणत होते?"

ओतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पियाल्यातला गार चहा त्यांनी अंगणात ओतला. मग म्हणाले, "नवरा घरी असतो, असं सांग."

"काय?"

"उद्या विचारलं तर. कझानचं नाव काढलंस की व्हिसा गेलाच म्हणून समज."

मुहय्योने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा सापळाच असणार. चोराला आधी प्रेमाने चहा पाजायचा आणि मग बोलतं करायचं, यात त्यांचा हातखंडा होता.

"तुम्ही माझी परीक्षा घेताय, ओताजान."

"ती मघाशीच झाली. तू खरं बोललीस. म्हणून तर आता शिकवतोय." ते पुन्हा ताठ बसले. "पती कुठे असतात?"

"घ... घरी."

"मान वर. कुठे असतात?"

"घरी असतात." तिचे डोळे पुन्हा खाली गेले.

"छे! हे तर शाळकरी पोरसुद्धा पकडेल. पुन्हा. पती कुठे असतात?"

मुहय्योची नजर पुन्हा भिंतीवरच्या नानाकडे गेली.

"कुठे म्हणजे? घरीच असतो की!"

ओयीजान तंदुराकडून वळून थेट ओतांच्या डोळ्यांत बघत होती. तिची पापणीही लवत नव्हती.

"कालच द्राक्षाचा मांडव नीट बांधून दिला त्याने. दमलाय, आत जरा पडलाय. उठवू का?"

मुहय्योने घराच्या दाराकडे पाहिलं. ओतांनीही पाहिलं.