टाकीचा जम

कंपनीचं चेन्नईतलं नवं ऑफिस हेरंबने जवळपास एकट्याने उभं केलं होतं. रविवारी तो पेरुंगुडीला त्याच्या बॉसच्या, कृष्णकांत सरांच्या फ्लॅटवर गेला, तो एवढंच विचारायला की नोकरी कायम कधी होणार. म्हणजे बायकोला नाशिकची नोकरी सोडून इकडे ये म्हणून सांगता आलं असतं. सरांनी आपला मराठी माणूस म्हणून हक्काने त्याच्या हातात खडीची बादली दिली.

हेरंबने खडी धुतली, माशांच्या नव्या टाकीच्या तळाशी फिल्टरची जाळी बसवली, तिच्यावर खडी पसरली आणि पंप सुरू केला.

"घाण खाली खडीत ओढली जाते आणि तिथले जंतू ती खातात," सर म्हणाले. "पण कोऱ्या खडीत जंतू नसतात ना! म्हणून आधी हे स्वस्तातले गप्पी मासे सोडायचे."

"मरणार नाहीत का सर?"

"मरतात की बरेचसे. पण त्यांच्या जिवावर टाकीचा जम बसतो. मग मोठा, महागातला अरोवाना मासा आणायचा. घराला लकी असतो म्हणे."

"आणि जे गप्पी जगतील ते?"

"वेडा आहेस का? अरोवाना खाणार काय मग?"

हेरंब हसला. पिशवीतले गप्पी त्याने अलगद पाण्यात सोडले आणि हात पुसत नोकरीचा विषय काढला.



"अरे हो, ऑफिसचा जम मात्र झकास बसवलास हं तू! उद्या बंगलोरहून नवे मॅनेजर येतायत, त्यांना सगळं नीट समजावून दे, की तू मोकळा."