काकू मागे आहेत

डॉक्टरांनी बाहेर येऊन बायको गेल्याचं सांगितलं, तेव्हा सुताराच्या हातात तिच्या चपला होत्या. डोंगरातली ती लांबलचक पायवाट दोघं दर उन्हाळ्यात एकेक टप्पा करून चालायची. जेवण त्याच्या पिशवीत आणि पाणी तिच्या पिशवीत, ही वाटणी इतक्या वर्षांत कधी बदलली नव्हती.

यंदा शेवटच्या टप्प्याला तो एकटाच निघाला. भर दुपारी उघड्या चढावर घशाला कोरड पडली, म्हणून त्याने पिशवी उघडली. आत नुसतं जेवण होतं.

समोरून उतरणारी एक बाई त्याला पाहून थबकली. "अहो काका, चेहरा बघा कसा लालबुंद झालाय! पाणी कुठंय तुमचं?"

"बायकोकडे," तो सवयीने बोलून गेला.

"म्हणजे काकूंना मागे टाकून तुम्ही आपले पुढे? धन्य आहे तुमची!" तिने आपली बाटली त्याच्या हातात कोंबली. "घोट घोट प्या आणि या दगडाआड बसा. माझ्याकडे दुसरी आहे. काकूंना मी घेऊन येते."

त्याने बाटली उघडून एक घोट घेतला. तोवर ती भराभर उतरून वळणाआड गेलीसुद्धा. खालून तिच्या हाका ऐकू येऊ लागल्या, "काकूऽ! ओ काकूऽ!"

सुतार कान देऊन ऐकत राहिला. बायको आता नाही, हे त्या बाईला सांगायचं तसंच राहिलं होतं.