जमा न झालेलं टोकन

"लाइन मोकळी नाही," म्हणत म्हाताऱ्या स्टेशनमास्तरने हिरवा झेंडा काखेत दाबला.

मोझांबिकमधल्या यादवीत उखडलेले रूळ आम्ही नव्याने टाकले होते. पहिली गाडी हारांनी सजून उभी, आणि हा बाबा अडून बसलेला! "यादवीत मी सोडलेली गाडी पुढच्या स्टेशनात पोचलीच नाही. तिच्या ड्रायव्हरला दिलेलं टोकन तिथे जमा झाल्याशिवाय दुसरी कशी सोडू?"

भुसावळला रेल्वेत असताना हा नियम मीही पाळलेला. पण ती गाडी सुरुंगावर उडाली होती आणि आता सगळं वायरलेसवर चालणार होतं. चरफडतच मी त्या ड्रायव्हरच्या बायकोकडे, डोना सेलेस्तकडे गेलो. स्फोटानंतर गावकऱ्यांना तिचा नवरा सापडला नव्हता. टोकन अडकवलेलं मोठं लोखंडी कडं तेवढं त्यांनी तिला आणून दिलं होतं. ते दाराशी टांगलेलं होतं, रोज पुसल्यासारखं लख्ख.

"द्या बाई, जमा करून टाकतो."

"जमा झालं म्हणजे गाडी पोचली. मग तो कुठंय?"

तिनेच कडं खांद्याला अडकवलं, माझ्याबरोबर स्टेशनवर आली आणि ते थेट नव्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. "त्याची अर्धी वाट राहिलीय. तेवढी पुरी करा."

मास्तरने कडं निरखलं, टोपी सारखी केली आणि झेंडा उघडला.

गाडी वळणाआड गेली तोच हेड ऑफिसचा फोन आला. "पहिली गाडी सुटली का?"

"गाडी सुटली," एवढंच म्हणालो. नवी पहिली, की जुनी शेवटची, ते मला अजूनही उमगलेलं नाही.